मुलांना 'आपले मदतनीस' आणि त्यांच्या कामाची कदर कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की साडेचार वर्षांच्या मुलीला तक्त्यावरचे सगळे मदतनीस तोंडपाठ आहेत, पण कचरा न्यायला येणारे काका दिसले की ती नाक दाबते. मी बालवाडीत शिकवते. तक्ता पाठ असणं आणि माणूस कळणं यातलं हे अंतर मला रोज दिसतं.

आधी घरातल्या मोठ्यांची दोन वाक्यं बंद करा. 'अभ्यास कर, नाहीतर कचरा उचलावा लागेल' आणि 'गप्प बस, पोलीस धरून नेतील'. पहिल्यातून मूल शिकतं की ते काम म्हणजे शिक्षाच. दुसरं तर धोक्याचं आहे. गर्दीत हरवल्यावर ज्यांच्याकडे धावत जायचं, त्यांनाच बघून मूल लपतं. आगीतही असंच होतं. तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेचं सिलिंडर, श्वासाचा घुरघुर आवाज, अशा वेषातला अग्निशमन जवान पाहून मुलं घाबरून पलंगाखाली शिरू शकतात. म्हणून त्या वेषाचं चित्र आधीच दाखवून ठेवा आणि सांगा, 'हे आपल्याला बाहेर काढायला येतात.'

मग एकच काम घ्या, पण अगदी जवळून दाखवा. एकदा वर्गात कप फुटला. तुकडे जाड कागदात गुंडाळताना एकानं विचारलं, 'बाई, टाकायचंच आहे ना, मग कशाला गुंडाळायचं?' मी रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली आणि ती उचलून पायाजवळून न्यायला सांगितली. पिशवी पोटरीला घासली तसा तो थबकला. नंतर त्यानं त्या पुडक्यावर लाल खडूनं मोठा पंजा काढला. 'काकांना लांबूनच कळेल.' इतकं मला शब्दांनी शिकवता आलं नसतं.

'थँक्यू म्हण' असा आग्रह मात्र धरू नका. मूल पोपटासारखं म्हणतं आणि विसरतं. त्यापेक्षा तुम्ही स्वतः काकांचं नाव विचारा, रोज त्या नावानं हाक मारा.

आणि नाक दाबलं म्हणून रागावू नका, वास तर येतोच! तिला खरं सांगा: ओला कचरा साठला की कुजतो, म्हणून वास येतो. आपण नाक दाबून आत जातो, काकांना तो पुढच्या घरीही येतो. मग ओला आणि सुका वेगळा करायचं काम तिच्याकडे द्या, आणि सुक्याचा डबा तिलाच त्यांच्या हातात देऊ द्या.