असईला कोण होता: लॉर्ड वेलस्ली की लॉर्ड वेलिंग्टन?

प्रश्न असा आला आहे: असईची लढाई 'लॉर्ड वेलस्ली'ने जिंकली असे काही ठिकाणी वाचायला मिळते, तर काही ठिकाणी 'लॉर्ड वेलिंग्टन'ने. बरोबर कोणते?

दोन्ही चूक. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभा होता तो मेजर जनरल आर्थर वेलस्ली. त्याच्याकडे तेव्हा कुठलाही किताब नव्हता; 'सर' हेसुद्धा त्याच्या नावामागे १८०४ साली लागले. 'लॉर्ड वेलस्ली' म्हणजे त्याचा थोरला भाऊ रिचर्ड, कलकत्त्यात बसलेला गव्हर्नर जनरल. वसईचा तह आणि तैनाती फौज या प्रकरणांत नाव येते ते याचे.

गोंधळ होतो तो किताब आणि आडनाव यांच्या सरमिसळीमुळे. नागपूरकर भोसल्यांचा 'सेनासाहेबसुभा' हा किताब आडनावाहून वेगळा, हे आपण सहज ओळखतो. रिचर्डच्या बाबतीत मात्र आडनावच किताबात शिरले. (इंग्रज उमरावांचे दर्जे चढत्या क्रमाने असे: व्हायकाउंट, अर्ल, मार्क्विस, ड्यूक; ड्यूक सोडून बाकीच्यांना 'लॉर्ड' म्हणतात.) वडिलांकडून त्याला 'अर्ल ऑफ मॉर्निंग्टन' हा किताब मिळाला होता. टिपू पडल्यावर १७९९ साली तो 'मार्क्विस वेलस्ली' झाला. पण हा किताब आयर्लंडच्या, म्हणजे कमी मानाच्या, उमरावांतला होता, इंग्लंडच्या नव्हे. ते त्याला इतके लागले की त्याने त्याला 'दुहेरी मुलामा दिलेला बटाटा' म्हटले!

आर्थरचा किताब पुढचा, स्पेनमधल्या पराक्रमाचा. १८०९ मध्ये तालाव्हेराच्या लढाईनंतर तो व्हायकाउंट वेलिंग्टन झाला, १८१२ मध्ये आधी अर्ल, मग मार्क्विस, आणि १८१४ मध्ये ड्यूक. वेलिंग्टन हे सॉमरसेटमधले गाव. आर्थर स्पेनमध्ये असल्याने नाव निवडले ते विल्यम या भावाने, आडनावाशी उच्चार जुळतो म्हणून.

तेव्हा मराठ्यांविषयी लिहिताना 'आर्थर वेलस्ली' किंवा 'जनरल वेलस्ली' लिहावे. 'सर वेलस्ली' कधीच नाही. 'सर'नंतर पाळण्यातले नाव येते, म्हणून 'सर आर्थर'. 'लॉर्ड आर्थर'ही नको, कारण तसे म्हणतात ते ड्यूक किंवा मार्क्विसच्या धाकट्या मुलाला, आणि याचे वडील अर्ल होते. 'लॉर्ड वेलिंग्टन' १८०९ ते १८१४ एवढ्यापुरते चालेल, त्यानंतर 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन'.

रिचर्डला मुले होती, पण ती लग्नाआधीची, म्हणून १८४२ साली त्याच्याबरोबर मार्क्विसपद संपले. मॉर्निंग्टनचे अर्लपद विल्यमच्या शाखेत गेले आणि ती शाखा खुंटल्यावर १८६३ साली आर्थरच्या मुलाकडे, दुसऱ्या ड्यूककडे, आले. ते आजही त्याच घराण्यात आहे.