“मला कुणी घेतच नाही, मॅडम”

गेल्या काही वर्षांत एकच काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक बरेच वाढलेत. “पोरगी शाळेत असल्यापासून नाटकात पहिली. आता सव्वीसची झाली. पुढं काय?” बेळगाव, खानापूर, निपाणी, गाव कुठलंही असो, प्रश्न हाच. म्हणून ज्योतीबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. लिहायला तिची परवानगी आहे.

ज्योती खानापूर तालुक्यातली. स्नेहसंमेलन, बालनाट्य, कॉलेजच्या एकांकिका, सगळीकडे बक्षिसं. मग दोन वर्षं पुण्यात ऑडिशन्स. हाती काही न लागता परत आली आणि खोलीचं दार लावून बसली. वडील तिला घेऊन आले तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, “मला कुणी घेतच नाही, मॅडम.”

पहिल्या काही भेटींत ती फार नीटनेटकं बोलायची. प्रत्येक वाक्य पाठ केल्यासारखं. मी विचारलं, “कुणी घेतलं नाही, तर तू कोण?”

“कुणीच नाही.”

शाळेपासून तिला प्रत्येक वेळी दुसऱ्यानं निवडलं होतं. बाईंनी भूमिका दिली, परीक्षकांनी नंबर दिला. स्वतःहून काही मांडायची वेळच आली नव्हती. हे मला लवकर कळलं, पण नुसतं सांगून उपयोग नव्हता. माणूस सल्ल्यानं बदलत नाही, स्वतःचं बोलणं स्वतःच्या कानावर पडलं की हलतो, असं मी इतक्या वर्षांच्या कामातून मानत आले आहे.

चौथ्या की पाचव्या भेटीत ती निघता निघता दारात थांबली. आजीचा फोन होता. “होय गे आजी, स्टँडला पोचतो आता. खातो येऊन. तू जेव जा.”

खोलीत जणू दुसरीच मुलगी उभी होती. आवाज खालून, पोटातून आलेला. आमच्या भागातल्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. मी तिला परत बसवलं.

“हे असं माझ्याशी का बोलत नाहीस?”

ती लाजली. “शाळेत बाई म्हणायच्या, ‘येतो’ नाही, ‘येते’ म्हण. पुण्यात एकदा म्हणाले, हेल काढून टाका. मग काढला.”

“आणि त्याच्याबरोबर काय काय गेलं?”

बराच वेळ ती गप्प होती. मीही काही बोलले नाही. अशा वेळी बोलू नये, हे मला जमतं. मग तिनं आजीबद्दल सांगायला सुरुवात केली. आजी कौलांच्या कारखान्यात कामाला होती, ओली कौलं उचलायची. पाऊण तास ज्योती आजी होऊन बोलत होती. त्या दिवशी मलाही एक गोष्ट उमगली: इतके दिवस मी पुस्तकी मराठीत विचारत होते, म्हणून ती पुस्तकी उत्तरं देत होती.

“हे कुणी लिहिलंय?” मी विचारलं.

“कुणी न्हाई. माझंच हाय.”

पुढचं काम साधं होतं. सकाळी शाळेत अर्धवेळ नोकरी, कारण पोटाची भीती असली की कला मोकळी होत नाही. दुपारी आजीसमोर वही घेऊन बसायचं. वडील कुरकुरले, “हितं राहून नाटकात काय हुणार?” मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांची आठवण करून दिली. शाकुंतल त्यांनी मराठीत आणलं, पदं रचली आणि १८८० साली पुण्यात रंगमंचावर उभं केलं. कुणी भूमिका देईल म्हणून ते वाट बघत बसले नव्हते.

अशा मुलींच्या पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, “चान्स मिळाला का?” हे रोज विचारू नका. “आज काय लिहिलंस, मला वाचून दाखव,” म्हणा. आणि मुलींनो, पहिला प्रयोग मोठ्या थिएटरात होण्याची वाट बघू नका. वीस माणसं आणि एक पडवी पुरते.

ज्योतीचा झाला तो पडवीतच. चाळीस मिनिटांचा, एकटीचा. मी मागं बसले होते, आजी पुढं सतरंजीवर. ज्योतीनं ओलं कौल उचलल्याचा अभिनय केला, तशी आजी मोठ्यानं म्हणाली, “तसं न्हवं गे. तळव्यावर घे. बोटं लावलीस तर ठसा उठतोय.”

ज्योती थांबली. बोटं सरळ केली, तळवे पुढं धरले आणि पुढचं वाक्य घेतलं.