फंक्शन आहे की नाही, लायब्ररीलाच विचारा

प्रश्न : लिनक्सवर झेडलिब ही डेटा कॉम्प्रेस करणारी लायब्ररी (तयार फंक्शनचा संच) इन्स्टॉल आहे. तिच्यात इन्फ्लेटइनिट हे फंक्शन आहे का ते बघायला एनएम ही लायब्ररीतली नावं दाखवणारी कमांड चालवली तर नुसतं 'नो सिम्बॉल्स' आलं. लायब्ररी खराब झालीये का? परत टाकू?

उत्तर : अजिबात परत टाकू नका, लायब्ररी ठणठणीत आहे. होतं काय, की पॅकेज बनवताना जागा वाचवायला लायब्ररीतला सिम्बॉलचा, म्हणजे फंक्शन वगैरेंच्या नावांचा, मोठा तक्ता काढून टाकतात आणि साधं एनएम नेमकं तोच तक्ता शोधत बसतं. पण दुसरा एक छोटा तक्ता असतो, डायनॅमिक सिम्बॉलचा, तो काढताच येत नाही कारण प्रोग्राम चालू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा लोडर त्यातूनच फंक्शन शोधतो. तो बघायचा तर एनएमला मायनस कॅपिटल डी द्या, बस.

फाइल कुठेय ते माहीत नसेल तर आधी एलडीकॉन्फिग मायनस पी चालवून येणाऱ्या यादीत ग्रेप कमांडने लिबझेड (झेडलिबच्या फाइलचं नाव) शोधा, पूर्ण पाथ मिळेल.

आता जी यादी येईल तिच्यात नावाआधीचं अक्षर नीट बघा, खूप जण इथेच फसतात. टी असेल तर फंक्शन याच लायब्ररीत आहे. यू असेल तर ते इथे नाहीये, ही लायब्ररीच ते दुसरीकडून घेते. उदाहरणार्थ मॅलॉक या मेमरी घेणाऱ्या फंक्शनच्या नावाआधी यू दिसेल, ते सी भाषेच्या लायब्ररीतून येतं. यू नकोच असतील तर डिफाइन्ड-ओन्ली हा ऑप्शन लावा.

आणि तुमचं इन्फ्लेटइनिट? ते या यादीत सापडणारच नाही! सापडेल ते शेवटी अंडरस्कोअर असलेलं इन्फ्लेटइनिट, कारण बिनअंडरस्कोअरचं म्हणजे हेडर फाइलमधला (लायब्ररीतली फंक्शनं कशी वापरायची ते लिहिलेली फाइल) मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल होताना दुसऱ्या कोडने बदललं जाणारं नाव, तो झेडलिबचं व्हर्जन आणि स्ट्रक्चरचा साइज स्वतःच जोडून खरं फंक्शन कॉल करतो. म्हणून मला वाटतं एनएम आणि हेडर दोन्ही शेजारी उघडून बसावं. तसंही एनएम फक्त नाव सांगतं, सीच्या फंक्शनला आर्ग्युमेंट किती आणि कुठली ते हेडरमध्येच कळतं, आणि हेडर बहुतेक वेळा वेगळ्या डेव्हलपमेंट पॅकेजमध्ये असतं, ते टाकून घ्या.

सी प्लस प्लसची लायब्ररी असेल तर नावं वाचताच येणार नाहीत अशी दिसतात, तिथे कॅपिटल सी पण जोडा.