ॲप आणि व्हिडिओ पाहून सीपीआर शिकता येतो का?

सोसायटीतील रहिवाशांना सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दाब देऊन रक्त फिरते ठेवणे, शिकवण्यासाठी मोबाइल ॲप आणि व्हिडिओ पुरेसे होतील, की दाब मोजणाऱ्या सेन्सरचा मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, घ्यावा, असे आपण विचारले आहे. नुसता व्हिडिओ पाहून सीपीआर येत नाही. एवढ्यावर थांबता आले असते. परंतु याच विषयावरून माझी एकदा फजिती आणि एकदा भांडण झाले असल्याने सविस्तर लिहिते.

सातपूरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका असताना मी अकरा वर्षे कामगारांना सीपीआर शिकवला. साधा मॅनिकिन, सतरंजी आणि माझा आवाज एवढीच सामग्री असे. पुढे नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी ब्लूटूथने टॅबला जोडला जाणारा मॅनिकिन आणला आणि पहिला मान सिस्टरांचा म्हणून मला पुढे केले. वीस-बावीस कामगारांसमोर मी दोन मिनिटे दाब दिले. पडद्यावर आले ते असे: वेग मिनिटाला १३४, सरासरी खोली ४.१ सेंटिमीटर, आणि निम्म्याहून अधिक वेळा छाती पूर्ण वर येऊ दिलेलीच नाही. वेग १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटिमीटर हवी, हे मीच दर वर्गात फळ्यावर लिहीत असे. यंत्र बिघडले आहे असे म्हणून मी सेल बदलायला लावले. दुसऱ्या खेपेस खोली आणखी कमी भरली, कारण तोवर मी दमले होते. ज्याच्यावर मी ‘जोर लाव’ म्हणून दोनदा ओरडले होते, त्या कॅन्टीनमधल्या मुलाने ५.४ आणले.

नंतर आठवडाभर दुपारी दार लावून मी एकटीच सराव केला, तेव्हा चूक सापडली. दाब सोडतानाही माझे वजन तळहातांवरच राहत असे. छाती पूर्ण वर आली नाही तर हृदयात रक्त नीट भरत नाही, आणि मग पुढचा दाब कितीही जोरदार असला तरी ढकलायला पुरेसे रक्तच नसते. हा दोष शिकवणाऱ्याच्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. अकरा वर्षे मी तोच शेकडो लोकांना शिकवला असणार.

वर्षभरात प्रशिक्षण व्यवस्थापकांनी हे वर्गच बंद केले आणि चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, दहा प्रश्न व प्रमाणपत्र अशी सोय लावून दिली. मी हरकत घेतली तेव्हा ‘सिस्टर, तुम्हाला नव्याचे वावडे आहे’ असे त्यांनी ऐकवले. माझी खोड नव्या यंत्रानेच मोडली होती, हे त्यांना कधीच पटले नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१९पासून प्रौढांच्या सीपीआरच्या अभ्यासक्रमांत असे मोजणारे साधन सक्तीचे केले आहे, असे दाखवले, तर ते अमेरिकेचे झाले, म्हणाले.

आपल्या समितीत ‘सगळ्यांना लिंक पाठवून देऊ’ म्हणणारे कोणी असतीलच. त्यांनाच आधी मॅनिकिनपुढे गुडघ्यांवर बसवावे. मॅनिकिन घेताना खोली आणि छाती वर येणे, दोन्ही दाखवणारा घ्यावा. नुसता टकटक वाजणारा घेऊ नये, कारण वेग तर मेट्रोनोमचे, म्हणजे ठेका वाजवणारे, फुकट ॲपही सांगते.

व्हिडिओ अगदीच टाकाऊ आहे असे मात्र नाही. माणूस बेशुद्ध आहे आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येत आहेत, हे ओळखून १०८ला फोन करणे त्यातून चांगले शिकता येते. मॅनिकिनची स्प्रिंग प्रत्येकाला सारखीच लागते, माणसांच्या छात्या तशा नसतात, हेही सांगायला हवे. हातात धरलेल्या मोबाइलने खोली मोजणारी ॲप गादीवर फसतात, कारण गादी दबते तीही ती छातीच्या खात्यात धरतात. शिवाय हाताची सवय काही महिन्यांत जाते, म्हणून मॅनिकिन दर तीन महिन्यांनी बाहेर काढावा.

त्या व्यवस्थापकांचे प्रमाणपत्र त्यांच्या केबिनमध्ये काचेच्या चौकटीत आहे. दोनच मिनिटे मॅनिकिनवर हात ठेवा, अशी विनंती मी निवृत्तीच्या दिवशीही त्यांना केली. त्यांना मीटिंग होती.