नॉनस्टिक भांडी टाकून दिली तर शरीरातली 'फॉरेव्हर केमिकल्स' कमी होतील का? रक्त तपासून घ्यावं का?

तुमचे प्रश्न दोन: तवा फेकू का आणि रक्त तपासू का. पण खाली जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'बोअरचं पाणी आहे, पण आरओ लावलाय, टीडीएस ३५ येतो, त्यामुळे पाण्याची चिंता नाही.' मी उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

तव्याचं आधी उरकतो. त्यावरचा थर पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन. हा लांबलचक साखळीचा पॉलिमर आहे, कपचा पोटात गेला तर बहुतांशी तसाच बाहेर पडतो. भानगड होती ती हा थर बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या 'फॉरेव्हर केमिकल'ची, आणि तो मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत बंद केला. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका, २६० अंशांच्या वर थर बिघडायला लागतो आणि धूर वाईट असतो. भाकरीला लोखंडी तवा घ्या. तव्याचा विषय संपला.

आता पाणी. इटलीत वेनेतो प्रांतात त्रिसिनो गावी मितेनी नावाचा कारखाना हीच पीफास कुळातली रसायनं, म्हणजे तुमची 'फॉरेव्हर केमिकल्स', बनवायचा. २०१३ मध्ये तिथल्या भूजलात ती सापडली, साडेतीन लाखांच्या आसपास लोकांच्या पाण्याचा प्रश्न झाला, २०१८ मध्ये कारखाना दिवाळखोरीत गेला, आणि २०२५ मध्ये विचेंझाच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावल्या. त्या लोकांच्या रक्तात ही रसायनं तव्यातून गेली नव्हती, नळातून आणि विहिरीतून गेली होती. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन आपल्या लोटे परशुरामला आली, म्हणून हे नाव कोकणात तरी माहीत असावं. (लोट्याच्या पाण्यात काय आहे, हे मोजल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये. मीही सांगत नाही.)

तर तुमचा टीडीएस ३५. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. ४०० टीडीएस म्हणजे लिटरमागे ४० कोटी नॅनोग्रॅम. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि त्याच्याच कुळातल्या पीएफओएसला घातलेली मर्यादा आहे लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम. ट्रकच्या वजनकाट्यावर मोहरीचा दाणा तोलायला निघालाय तुम्ही. हे मी मशीन विकणाऱ्यांना वर्षानुवर्षं सांगतोय आणि ते वर्षानुवर्षं तो पेनाएवढा मीटर ग्लासात बुडवून गिऱ्हाइकाला दाखवतायत. काही जण तर दोन सळ्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवतात. ते तपकिरी म्हणजे लोखंडी सळीचा गंज असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी गंजते, आरओच्या पाण्यातून वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं.

आरओचं मेंब्रेन पीफास अडवतं, चांगलं अडवतं, ९० टक्क्यांच्या वर. पण मशीनचं झाकण उघडा. मेंब्रेनच्या नळकांड्यातून निघालेली पांढरी बारीक नळी कुठे जाते बघा. बऱ्याच मशीनमध्ये ती अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या व्हॉल्व्हला जोडलेली असते, त्यावर स्क्रू असतो. हा टीडीएस कंट्रोलर. त्याच्या दुसऱ्या तोंडाला मेंब्रेन टाळून आलेलं पाणी येतं, फार तर यूएफमधून, म्हणजे मेंब्रेनपेक्षा मोठ्या छिद्रांच्या गाळणीतून. यूएफची छिद्रं ०.०१ मायक्रॉनची, हे रेणू त्यातून आरामात जातात. यूव्हीच्या दिव्याने कार्बन-फ्लोरिनचा बंध तुटत नाही. पाणी 'गोड लागावं' म्हणून सर्व्हिसवाला हा स्क्रू सैल करून जातो. हिशेब करा: बोअरमध्ये ४० नॅनोग्रॅम, मेंब्रेनने ९५ टक्के अडवलं, राहिले २. त्यात ३० टक्के पाणी वळसा घालून मिसळलं आणि आधीचा कार्बन फिल्टर संपलेला असला, तर ग्लासात १३ च्या वर. मीटर मात्र खूश.

म्हणून स्क्रू पूर्ण बंद करा, टाकी रिकामी करा, मशीन दहा मिनिटं चालू द्या आणि मग मेंब्रेनच्या नळीतलं पाणी थेट घेऊन टीडीएस बघा. इथे मीटर कामाचा आहे, मेंब्रेनची तब्येत तपासायला. आत ५०० आणि बाहेर ३५, उत्तम. आत ६० आणि बाहेर ३५, तर मेंब्रेन गेलंय किंवा त्याची ओ-रिंग (रबरी कडी) पिळलेली आहे. स्क्रू बंद असताना आतल्या टीडीएसच्या १५ टक्क्यांच्या वर बाहेर येत असेल तर मी मेंब्रेन बदलतो. चवीसाठी मेंब्रेननंतर मिनरल कार्ट्रिज बसवा, त्यात कच्चं पाणी मिसळत नाही. कार्बन फिल्टरवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. भरला की आधी आखूड साखळीची रसायनं सुटतात, आणि त्याची चव लागत नाही की वास येत नाही. उकळून तर उलट होतं, पाणी आटतं आणि हे तिथेच राहतं.

तपासायचंच असेल तर रक्ताआधी पाणी. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यायची, पॉलिप्रॉपिलिनची २५० मिलिची, टेफ्लॉन अस्तर नसलेल्या झाकणाची. नळाच्या आट्यांवर प्लंबरने गुंडाळलेली पांढरी टेप टेफ्लॉनचीच असते, तो नळ टाळा. रेनकोट घालून, क्रीम लावलेल्या हाताने नमुना घ्यायचा नाही. नायट्राइल हातमोजे, पाच मिनिटं पाणी सोडून मग बाटली, लगेच बर्फात. सोबत प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली तिथेच उघडून भरायला सांगा. त्या कोऱ्या बाटलीतही पीफास आलं, तर नमुना बिघडलाय, बोअरला दोष देऊ नका. अहवालात 'बीडीएल' (मोजता येण्याच्या मर्यादेखाली) लिहिलं म्हणून पेढे वाटू नका, शेजारची मोजमापाची मर्यादा वाचा. ती १०० नॅनोग्रॅम असेल तर ४ आहे की ९० आहे हे त्या कागदाला माहीतच नाही.

खाण्यात दोनच गोष्टी. मासे: पीसीबी, डायॉक्सिन ही दुसरी विषारी रसायनं चरबीत साठतात, म्हणून कातडी-चरबी काढून उपयोग होतो. पीफास प्रथिनांना चिकटतं, कातडी काढून जात नाही. कारखान्याच्या नाल्यातला, खाडीच्या मुखाशी पकडलेला मासा नेहमीचा नको. दुसरं, गावरान अंडी. एमआयडीसीलगत परसात चरणारी कोंबडी माती आणि गांडुळं खाते, तिचं अंडं पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा वाईट असू शकतं. नेदरलँड्सच्या आरोग्य संस्थेने २०२५ मध्ये देशभर घरच्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका असं सांगितलं. राग येईल, पण आहे ते आहे.

रक्ताचं: आकडा मिळेल, औषध मिळणार नाही. अमेरिकी विज्ञान अकादमीच्या २०२२ च्या शिफारशीत मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या खाली चिंता नको, २० च्या वर असेल तर थायरॉइड, मूत्रपिंड, वृषणं यांच्यावर लक्ष, असं आहे. पीएफओए शरीरात निम्मा व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तेही येणं थांबलं तर.

हे सगळं बोअरवाल्यांसाठी, त्यातही औद्योगिक वसाहत, विमानतळाचं फोम-फायर मैदान किंवा कचरा डेपो जवळ असणाऱ्यांसाठी. धरणाचं नगरपालिकेचं पाणी येत असेल तर इतकं करायची गरज बहुधा नाही, आरओचीही नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने हे वाचून दूध बंद करू नये. आणि पाणी दूषित निघालं, तर आरओचं वाया जाणारं पाणी कुंडीतल्या पालकाला घालू नका. मेंब्रेनने अडवलेलं सगळं त्यातच असतं.