हझानचा ‘अजान’शी संबंध आहे का?

प्रश्न असा आला आहे: ‘मुंबईत एका बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या कोकणी यहुदी) मित्राच्या लग्नाला गेलो होतो. विधी गाऊन चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे “हझान” म्हणत होते. मित्राचे वडील तर सिनेगॉगला सरळ “मशीद” म्हणतात. मग अजान देणारा तो हझान, अशीच ही व्युत्पत्ती असणार ना?’

नाही. पण अंदाज वेडगळही नाही. बेने इस्राएलांच्या बोलीत प्रार्थनामंदिराला मशीद म्हणतातच. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं; मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्या ‘मशिदी’वरून पडलं, असं ही मंडळी सांगतात. कोकणात त्यांच्या धर्मप्रमुखाला पूर्वी ‘काजी’ म्हणत. एवढं सगळं अरबी-फारसी वळणाचं असताना हझानही त्याच वाटेनं आला असेल, असं कुणालाही वाटावं.

त्यात आपल्या ‘ज’नं घोळ घातला आहे. अजानमधला ज आपण जहाजातल्यासारखा उच्चारतो, मग ‘अजान’ आणि ‘हझान’ यांत फक्त एका ‘ह’चं अंतर उरतं. हिब्रूत लिहून पाहिलं तरी तेच: एक धातू अलेफ-झाइन-नून, दुसरा खेत-झाइन-नून. फरक पहिल्याच अक्षराचा, पण तिथेच कुळं वेगळी होतात.

अजान, मुअज्जिन हे शब्द कानाचे. अरबीत कान म्हणजे ‘उझ्न’, हिब्रूत ‘ओझेन’. सख्ख्या बहिणीच. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या शेवटी, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ३२व्या अध्यायात, मोशेचं गीत आहे. त्याचा पहिला शब्दच ‘हाअझिनू’, म्हणजे ‘कान द्या’. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीवर हे गीत दोन स्तंभांत लिहायची पद्धत आहे, त्यामुळे लांबूनही ओळखू येतं. तेव्हा ‘अजान’चा हिब्रू नातेवाईक हवाच असेल, तर तो हाअझिनू. हझान नव्हे.

हझान हा शब्द बहुधा मेसोपोटेमियातून आला. अक्कादी भाषेत ‘खझन्नू’ म्हणजे नगराचा प्रमुख, आपल्याकडचा पाटील म्हणा. इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या, इजिप्तमध्ये सापडलेल्या अमर्ना पत्रांत कनानच्या नगरप्रमुखांना हाच शब्द लावलेला आहे. हिब्रूत ‘खाझा’ म्हणजे पाहणे. देखरेख करणारा तो हझान, अशी फोडही केली जाते. ऐकायला छान आहे, पण मला ती मागाहून जुळवलेली वाटते.

गंमत अशी, की या शब्दात गाणं कुठेच नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात ‘हझान हाक्नेसेत’ भेटतो तो सभागृहाचा कारभारी म्हणून. तो तोराची गुंडाळी काढून देतो. पोरं दिव्याशी वाचत असतील, तर कुठवर आली ते पाहतो. आणि फटक्यांची शिक्षा झालेल्याला फटके मारायचं कामही त्याचंच! अलेक्झांड्रियाच्या प्रचंड सिनेगॉगची एक आठवण तलमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात आहे. प्रार्थना म्हणणाऱ्याचा आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचत नसे, म्हणून हझान मधल्या लाकडी चौथऱ्यावर उभा राहून फडकी हलवायचा, की सगळे ‘आमेन’ म्हणायचे. म्हणजे गाणारा दुसराच, हा निशाण दाखवणारा.

मग गायक कधी झाला? ‘पियूट’ आले तेव्हा. (हा शब्दही उसना, ग्रीकमधल्या कवीवाचक ‘पोइएतेस’वरून.) सहाव्या-सातव्या शतकांच्या आसपास यन्नाई, एलाझार कल्लीर यांच्यासारख्यांनी रचलेली ही प्रार्थनाकाव्यं श्लेष, यमकं, आडवळणाचे संदर्भ यांनी अशी गच्च भरलेली, की साध्या माणसाला पाठ करून म्हणणं अवघड. रोज सिनेगॉगमध्ये असणारा, पोथ्या सांभाळणारा माणूस हाताशी होताच, त्याच्याकडे ते काम गेलं. आपल्या गुरवाची आठवण होते ना? देवळाची झाडलोट, पूजा, आणि सनई-पखवाजही त्याच घरात.

पुढे युरोपात या पदाला कलावंताचं तेज चढलं. व्हिएन्नाचा सालोमोन सुल्झर (१८०४–१८९०) यानं हझानाचं गाणं पाश्चात्त्य स्वरमेळात बसवलं. योसेले रोझेनब्लाट हा हझान तर ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून घरोघरी पोचला.

यापेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं ते अब्राहम झ्वी इडेलसोनचं काम. लाटव्हियात जन्मलेला हा माणूस स्वतः हझान म्हणूनच शिकून तयार झाला. जेरुसलेममध्ये येमेन, बगदाद, इराण, मोरोक्को अशा ठिकाणांहून आलेले यहुदी शेजारी शेजारी राहत होते. यानं फोनोग्राफ घेऊन त्यांचं गाणं टिपलं आणि १९१४ ते १९३२ या काळात दहा खंडांत छापलं. ते खंड चाळले की दिसतं, हझान हे पद सगळीकडे तेच, पण बगदादचा हझान मकामात (अरबी संगीतातल्या रागांसारख्या स्वररचनेत) गातो आणि पूर्व युरोपातला त्याच्या मुलखाच्या वळणानं.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या यहुद्यांनी बेने इस्राएलांची हझानकी केली, हिब्रू प्रार्थना शिकवल्या. (‘हझानकी’ माझा शब्द, भिक्षुकी चालते तर हीही चालावी.) पण मराठीत गावंसं वाटलं तेव्हा या मंडळींनी ते हझानावर सोपवलं नाही. १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बायबलमधल्या कथा साकी-दिंडीत बांधून सांगणारा तो ‘कीर्तनकार’च राहिला.

तेव्हा लिहिताना ‘हझाननं अजान दिली’ असं लिहू नका. हझान प्रार्थना चालवतो, म्हणतो, गातो. हिब्रूत अनेकवचन ‘हझानीम’ होतं, मराठीत ‘दोन हझान’ पुरे. आणि ‘हझान’ लिहिलंत काय किंवा ‘हज्जान’, मी दोन्ही बरोबर धरीन.