20 वर्षांसाठी इंडेक्स फंड घ्यावा की चांगल्या बँकांचे शेअर?

तुम्ही लिहिलंय की वय 28, महिन्याला 10 हजार बाजूला पडतात, 20 वर्षं त्याला हात लावायचा नाहीये, तर निफ्टीचा इंडेक्स फंड (म्हणजे निफ्टी या निर्देशांकातल्या 50 मोठ्या कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) घ्यावा की तीन-चार मोठ्या बँकांचे शेअर घेत राहावं, कारण "बँका काय, कायम चालणारच". शिवाय बाबांनी 2012 मधे घेतलेले एका बँकेचे शेअर आता तुमच्या नावावर केलेत, त्यांचं काय करायचं हेही विचारलंय.

माझं उत्तर इंडेक्स फंड. शेअर बाजाराची भीती वाटते म्हणून नाही सांगत, मी 24 वर्षं बँकेत होते आणि त्यातली 11 कर्ज विभागात, म्हणून सांगतेय.

आधी एक गोष्ट जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. निफ्टी 50 मधे साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि फायनान्स कंपन्यांचंच आहे. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक ही तर यादीत अगदी वरची नावं. म्हणजे तुमच्या 10 हजारातले तीन-साडेतीन हजार तसेही बँका आणि फायनान्समधेच जाणार आहेत. त्यामुळे खरा प्रश्न असाय की त्याच्यावर अजून बँका घ्यायच्या का.

आता बँक हा धंदा कसा आहे ते बघा. शंभर रुपयांचा पसारा असेल तर त्यात भागधारकांचे स्वतःचे दहा-बारा रुपये असतात, बाकी सगळे ठेवीदारांचे आणि उसने. कर्जातले पाच रुपये बुडाले की भागधारकांचं जवळपास निम्मं भांडवल गेलं. साबण बनवणाऱ्या कंपनीचा पाच टक्के माल खराब निघाला तर एक तिमाही वाईट जाते, बँकेत तेवढ्यात पाया हलतो. आणि कुठले पाच रुपये बुडणार हे बाहेरून दिसत नाही हो. आतूनही दिसत नाही, हे मी अनुभवाने सांगते. स्टॉक स्टेटमेंट (गोडाऊनमधे किती माल आहे याचं कर्जदाराने दिलेलं पत्रक) वेळेवर येतंय, हप्ते येतायत, तारण व्यवस्थित आहे, आणि मग एक दिवस कळतं की गोडाऊनमधे मालच नव्हता. 90 दिवसांपेक्षा जास्त हप्ते थकले की कर्ज थकीत धरतात, म्हणून मार्च एंडिंगला तर त्या 90 दिवसांच्या आत खातं नियमित करायला पार्टी, म्हणजे कर्जदार, कुठून तरी पैसे आणून भरते आणि एप्रिलमधे परत उचलते, कागदावर सगळं स्वच्छ. आमच्यासारखी रोज फाइल हाताळणारी माणसं फसली तर तिमाही निकाल वाचून तुम्ही काय ओळखणार.

येस बँकेचं उदाहरण घ्या, आकडे सगळे जाहीर झालेले आहेत. 2015-16 साठी बँकेने एकूण थकीत कर्ज दाखवलं 749 कोटी, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालं 4,926 कोटी. हे 2017 मधे लोकांसमोर आलं, आणि तरीही शेअर वर जात राहिला, ऑगस्ट 2018 मधे 400 च्या आसपास होता (तेव्हाचे निकाल बघून कोणीही घेतला असता, घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही). 5 मार्च 2020 ला बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, दुसऱ्या दिवशी शेअर एका टप्प्यावर सहा रुपयांच्याही खाली गेला. त्यातून 100 पेक्षा जास्त शेअर असलेल्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं अडकवले, विकायचीही सोय नाही. निफ्टीत ही बँक 2015 पासून होती आणि 19 मार्च 2020 ला बाहेर पडली. इंडेक्स फंडवाल्यांचंही नुकसान झालं, पण तो पन्नासातला एक शेअर होता आणि किंमत घसरता घसरता त्याचं वजन आधीच नगण्य झालेलं होतं.

"बँका कायम चालणारच" यात एक गल्लत आहे. बँक चालू राहते, ठेवीदार बहुतेकदा वाचतो, पण भागधारक वेगळा. लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर 2020 मधे डीबीएस बँकेत विलीन झाली, शाखा चालू राहिल्या, ठेवी शाबूत, आणि शेअरची किंमत शून्य. आपल्याकडची साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आठवत असेल, 2006 मधे निर्बंध आले आणि महिन्याभरात ती आयडीबीआयकडे गेली, भागधारकांना शेअरमागे 28 रुपये रोख देऊन विषय संपला. पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमधे गेली तर तिथल्या भागधारकांना 925 शेअरला आयसीआयसीआयचे 100 शेअर मिळाले, त्यांनी ते ठेवले असतील तर आज त्यांचं चांगलं झालं असणार. दोन शेजारचे जिल्हे, दोन्ही जुन्या बँका, एक वर्षाचं अंतर, आणि आधी कोण सांगू शकलं असतं की कुठली कशी जाईल?

तुम्ही म्हणाल की मी बुडालेल्याच मोजतेय, एचडीएफसी बँकेने केवढा पैसा करून दिला. बरोबर आहे, दिला. पण 1993 च्या नियमांनंतर ज्या दहा नव्या खाजगी बँका आल्या त्यांची यादी बघा: एचडीएफसी, आयसीआयसीआय, यूटीआय बँक (आताची अॅक्सिस), इंडसइंड, आयडीबीआय बँक, डीसीबी, टाइम्स बँक, सेंच्युरियन, बँक ऑफ पंजाब, ग्लोबल ट्रस्ट. तेव्हा लोकांच्या तोंडी ग्लोबल ट्रस्टचं नाव जास्त होतं, आणि 2004 मधे तिच्या भागधारकांच्या हाती काही उरलं नाही. टाइम्स, सेंच्युरियन, पंजाब शेवटी एचडीएफसी बँकेतच विरघळल्या. इंडसइंड 30 वर्षं टिकली, निफ्टीत गेली, आणि मार्च 2025 मधे डेरिव्हेटिव्हच्या (पुढच्या तारखेच्या भावांवरच्या सौद्यांच्या) हिशोबातली गडबड बाहेर आल्यावर एका दिवसात 27 टक्के पडली. 1995 मधे या दहातून तुम्ही कुठली उचलली असती, प्रामाणिकपणे स्वतःला विचारा.

आणि बुडायलाच पाहिजे असंही नाही. बँक ऑफ महाराष्ट्रचा आयपीओ 2004 मधे 23 रुपयांना आला होता, 2020 मधे शेअर 10 रुपयांच्या आसपास होता. सोळा वर्षं! नंतर छान सावरला, पण 2020 मधे मुलीच्या लग्नाला पैसे लागले असते तर?

इंडेक्स फंडात सगळं गोड आहे असं मी म्हणत नाहीये. जानेवारी 2008 ला निफ्टी 6,300 च्या वर होता, ऑक्टोबरमधे 2,300 च्या खाली, आणि ती 6,300 ची पातळी पक्की ओलांडायला 2013-14 उजाडलं. असा काळ तुमच्या 20 वर्षांत एकदा तरी येईल असं धरूनच चाला. तेव्हा एसआयपी (दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) बंद केलीत तर कुठलाच फंड उपयोगाचा नाही. फंड निवडताना डायरेक्ट प्लान (मधल्या एजंटचं कमिशन नसलेला) घ्या, खर्च कमी असलेला, आणि नावात इंडेक्स आहे म्हणून बँक निफ्टीचा (फक्त बँकांच्या शेअरच्या निर्देशांकाचा) फंड उचलू नका, तो पुन्हा एकाच धंद्यावरचा डाव आहे. मार्च 2020 मधे बँक निफ्टी 32 हजारांवरून 16 हजारांच्या आसपास आला होता, निफ्टी तेवढा पडला नव्हता.

तरीही बँकेचा शेअर घ्यावासाच वाटला तर एकूण रकमेच्या दहा टक्क्यांत ठेवा, आणि दर तिमाहीचा नफा बघण्यापेक्षा नव्याने किती कर्ज थकीत झालं ते आठ तिमाह्यांचं बघा, आणि वार्षिक अहवालात रिझर्व्ह बँकेच्या तपासणीतला फरक दाखवलेला असेल तर ती टीप आधी वाचा.

बाबांनी दिलेल्या शेअरबद्दल. तुमच्या एकूण बचतीत ते निम्म्याच्या वर असतील तर हळूहळू कमी करा, एकदम सगळे नको. बक्षीस म्हणून मिळालेल्या शेअरला बाबांची खरेदी किंमत आणि तारीख धरतात आणि तुमचे 31 जानेवारी 2018 च्या आधीचे आहेत (त्या तारखेपर्यंतची वाढ करातून सोडलेली आहे), त्यामुळे त्या दिवशीचा भाव जास्त असेल तर करासाठी बहुतेक तोच धरला जाईल, म्हणजे नफा वाटतो तेवढा निघणार नाही. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही, त्यावर साडेबारा टक्के. नफा सव्वा लाखाच्या आत बसेल तेवढे शेअर दर वर्षी मार्च संपायच्या आधी विकून त्याच इंडेक्स फंडात टाकत जा. फक्त विकायच्या आधी बाबांना सांगा, आणि त्यांच्याकडून खरेदीची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली पावती) मागून घ्या, ती नंतर सापडत नाही.